तेजी-मंदीचा नजराणा

२ जुलै २००१ हा सोमवार होता. त्या एका दिवशी मुंबईच्या शेअर बाजारात तीन गोष्टी घडल्या. दलाल स्ट्रीटवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला बदला बंद झाला. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर (एनएसई) ३१ कंपन्यांच्या शेअरांवर ऑप्शनचे सौदे सुरू झाले. आणि युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने आपल्या यूएस-६४ योजनेतील युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली.

तिसरी बातमी घराघरांत पोचली. निवृत्तीचे पैसे, मुलीच्या लग्नाची पुंजी, विम्याचे मिळालेले चार पैसे लोकांनी यूएस-६४ मध्ये ठेवले होते. ते हक्काचे पैसे एकाएकी अडकले. पहिल्या दोन बातम्या बाजाराच्या आत राहिल्या. पण तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता. भाव पडला तर त्याची झळ कोणी सोसायची? आणि ती झळ दुसऱ्याने सोसावी असे वाटत असेल, तर त्याला त्यासाठी किती पैसे मोजायचे?

मुंबईने हा प्रश्न दीडशे वर्षे वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. वायदा, बदला, तेजी, मंदी, नजराणा हे ते शब्द. आज त्यांच्या जागी निफ्टी फ्युचर, पुट, कॉल आणि व्हिक्स आले आहेत. शब्द बदलले तरी आतला व्यवहार ओळखीचा आहे, आणि जुन्या बाजाराकडे नीट पाहिले की नव्या बाजाराचे आकडे अधिक चांगले वाचता येतात.

आधी बदल्याविषयी. समजा, एकाने १,००० शेअर २०० रुपयांनी घेतले. दोन लाख त्याच्याकडे नव्हते आणि ते भरण्याचा त्याचा इरादाही नव्हता. वलण संपले, म्हणजे हिशेब चुकता करायची वेळ आली, तेव्हा बाजाराने ठरवलेला हवाला भाव २०५ होता. त्याला फरकाचे ५,००० रुपये मिळाले. शेअरचे दोन लाख पाच हजार तिसऱ्याच कोणी भरले. हा बदल्यावर पैसे लावणारा सावकार. त्याच्या मोबदल्यात पुढच्या वलणात खरेदीदाराने २०५ अधिक एक रुपया द्यायचा. हा वरचा एक रुपया म्हणजे बदला. सौदा पुढे ढकलण्याचे ते व्याज.

खरेदीदार जास्त आणि पैसा कमी असला की हे व्याज चढायचे. त्याला सीधा बदला म्हणत. उलट, एखाद्या शेअरमध्ये मंदीवाल्यांनी जवळ नसलेला माल विकून ठेवला असेल आणि तो हाती द्यायला मिळत नसेल, तर पैसे खरेदीदाराला मिळायचे आणि भरायचे विकणाऱ्याने. तो उंधा बदला. बदल्याचे सत्र शनिवारी भरत असे. त्या दिवशी कोणत्या शेअरला किती बदला लागला, हे पाहून जाणते दलाल बाजाराची नाडी ओळखत. चढता सीधा बदला म्हणजे तेजीवाले उधारीवर फुगलेत. उंधा बदला म्हणजे मंदीवाले अडकलेत.

बदल्यात एक मोठी खोट होती. उसनवारीचा धंदा आणि जोखीम टाळण्याची गरज, दोन्ही त्याने एकाच हांड्यात शिजवली. ज्याच्याकडे वीस कंपन्यांचे शेअर वर्षानुवर्षे पडून आहेत आणि ज्याला फक्त येत्या दोन महिन्यांची धास्ती आहे, त्याच्यासाठी बदल्यात सोय नव्हती. मंदी करायची तर एकेका शेअरची करा, तीही ठरावीक यादीतल्याच, आणि उंधा बदला लागला तर वर दंड भरा.

ही खोट कुठून आली, हे पाहायचे तर टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाकडे जावे लागते.

१८५० च्या दशकात मूठभर दलाल त्या झाडाखाली जमत आणि बँकांचे व कापसाच्या प्रेसचे शेअर हातोहात विकत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरला पोचेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा शेअरांत ओतला गेला. १८६५ उजाडले तेव्हा शहरात ३१ बँका होत्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर दहापटीच्या आसपास गेला. दिनशा वाच्छा यांनी पुढे या वेडावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. प्रेमचंद रायचंद या दलालाचे नाव त्या काळी शहरात प्रत्येकाच्या तोंडी होते.

हे बहुतेक सौदे वायद्याचे होते. आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर १ जुलै १८६५ ला. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत आली आणि कापूस कोसळला, पाठोपाठ शेअर कोसळले. १ जुलै उजाडला तेव्हा देणेकरी कुठेच नव्हते. ज्याने विकले होते त्याला पैसे मिळेनात, कारण ज्याने घेतले होते त्याने ते पुढे विकले होते, आणि तो पुढचाही बुडाला होता. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांना गेलेला शेअर ८७ वर आला. दिवाळखोरांची रांग इतकी लांबली की सरकारला त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला. प्रेमचंदांनी भरभराटीच्या काळात दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा मनोरा नंतर पुरा झाला. त्यांच्या आईच्या नावाने तो राजाबाई टॉवर आजही उभा आहे.

१८६५ चा धडा नेमका काय, यावर शहरात एकमत झाले नाही. सरकारने आणि सभ्य समाजाने धडा घेतला तो असा की वायदा म्हणजे जुगार. दलालांनी घेतलेला धडा जास्त उपयोगी होता. सौदा करणारा माणूस ओळखीचा हवा आणि बुडाला तर त्याला बाहेर काढता आले पाहिजे. १८७५ मध्ये ३१८ जणांनी एक रुपया प्रवेश फी ठेवून नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन स्थापन केली. आजचे बीएसई ते हेच. पण समोरचा बुडाला तर त्याच्या जागी पैसे कोण भरणार, या प्रश्नाला उत्तर मिळायला आणखी सव्वाशे वर्षे जायची होती.

कापसाच्या बाजाराने मात्र वायद्याची खरी उपयुक्तता लवकर ओळखली. वऱ्हाड-खानदेशातून गाठी विकत घेणारा व्यापारी आणि गिरणगावातली गिरणी, दोघांनाही भावाची धास्ती असते, पण उलट्या बाजूंनी. व्यापाऱ्याकडे माल आहे, त्याला भाव पडण्याची भीती. गिरणीने कापडाची ऑर्डर घेतली आहे पण कापूस अजून घेतलेला नाही, तिला भाव चढण्याची भीती. एकाने वायदा विकला आणि दुसऱ्याने घेतला की दोघेही निवांत. १९२० च्या दशकात ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनने शिवडीला आपले एक्स्चेंज उभारले. कॉटन ग्रीन हे स्टेशनचे नाव त्या वस्तीची आठवण जपून आहे. या संस्थेच्या वायद्यांना सरळ ‘हेज कॉन्ट्रॅक्ट’ म्हटले जाई. म्हणजे हेज हा शब्द मुंबईच्या बाजारात निफ्टीच्या पाऊणशे वर्षे आधीपासून होता.

आणि त्याच बाजारात, काळबादेवीच्या पेढ्यांवर, तेजी-मंदी चालायची.

ही गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तेजी म्हणजे ठरलेल्या भावाने, ठरलेल्या दिवशी माल घेण्याचा हक्क. मंदी म्हणजे तसाच विकण्याचा हक्क. आणि तेजी-मंदी म्हणजे दोन्ही एकत्र. त्या दिवशी घ्यायचे की विकायचे, हे पैसे देणाऱ्याने ठरवायचे. हक्कासाठी आगाऊ द्यायची रक्कम तो नजराणा. नजराणा देणारा ‘लावणारा’, घेणारा ‘खाणारा’. लावणाऱ्याचे नुकसान नजराण्यापुरते. खाणाऱ्याला नजराणा लगेच मिळतो, पण पुढे भाव कितीही पळाला तरी फरक त्याने भरून द्यायचा.

समजा, कापसाचा भाव खंडीला ५०० रुपये आहे आणि महिन्याच्या तेजी-मंदीचा नजराणा २० रुपये आहे. लावणाऱ्याला फायदा व्हायचा तर भाव ५२० च्या वर किंवा ४८० च्या खाली गेला पाहिजे. खाणाऱ्याचा आडाखा असा की भाव या दोन कुंपणांच्या आतच राहील. नजराणा २० चा ३० झाला, तर बाजाराला जास्त मोठी उसळी किंवा आपटी अपेक्षित आहे. भाव कुठल्या बाजूला जाईल हे तो नजराणा सांगत नाही. किती जाईल, एवढेच सांगतो.

आजचे पुस्तक ज्याला इम्प्लाइड व्होलॅटिलिटी म्हणते, ती हीच. ऑप्शनच्या भावात दडलेली, बाजाराने धरून चाललेली अस्थिरता. महिन्याचा नजराणा भावाच्या ४ टक्के असेल तर त्याला ०.८ ने भागायचे, ५ येतात. ते वर्षाच्या मापात आणायला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.४६ ने गुणायचे. उत्तर १७ च्या थोडे वर. काळबादेवीच्या त्या पेढीवर व्हिक्सचा, म्हणजे आजच्या अस्थिरतेच्या निर्देशांकाचा, फलक असता, तर त्यावर सतरा लागले असते. पेढीवरच्या माणसाला वर्गमूळ लागत नव्हते. गेल्या महिन्यातला नजराणा आणि या महिन्यातला नजराणा त्याला तोंडपाठ असे, आणि तेवढ्यावर त्याचे काम भागे.

कायद्याला मात्र या बाजाराशी कसे वागावे ते कळत नव्हते. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार कोर्टात टिकत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तेजी-मंदीचे खटले मुंबई उच्च न्यायालयात येत राहिले आणि प्रत्येक वेळी प्रश्न हाच, की दोन्ही पक्षांना माल घ्यायचा-द्यायचा होता, की दोघांनाही फक्त फरकाचे पैसे हवे होते? कागद दोन्ही बाबतींत सारखाच दिसायचा. हेतू कागदावर लिहिलेला नसतो.

या गोंधळाचा उत्तम पुरावा मुंबईच्या जुगार प्रतिबंधक कायद्यात आहे. मूळ कायदा १८८७ चा. त्या काळी शहरात पावसावर पैजा लागत. अमुक वेळेत पाऊस पडेल की नाही, किती पडेल, यावर पैसे लावले जात. १८९० मध्ये दुरुस्ती करून पावसाचा सट्टा कायद्यात घातला गेला. पुढे त्याच कलमात कापसाच्या भावावरचा आणि भावातल्या आकड्यांवरचा जुगार आला, शेअरच्या भावावरचाही आला. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावाचे शेवटचे आकडे पकडून गिरणगावात जो खेळ चाले, त्यातूनच पुढे मटका जन्मला. पाऊस, कापूस आणि शेअर एकाच कलमात शेजारी शेजारी बसले. कापूस विकत घेतलेल्या व्यापाऱ्याचा वायदा आणि आकड्यावर चार आणे लावणाऱ्याचा खेळ यांतला फरक सांगणे कायद्याला अवघड गेले, आणि मग त्याने सोपा रस्ता धरला. बंदी.

१९३९ मध्ये मुंबई सरकारने कापसातल्या ऑप्शनवर बंदी घातली. १९५२ च्या वायदे कायद्याने मालाच्या ऑप्शनला देशभर मनाई केली. १९५६ च्या रोखे करार कायद्याच्या कलम २० ने शेअरमधल्या ऑप्शनलाही. २७ जून १९६९ रोजी शेअरचे वायदेही बंद झाले. कागदोपत्री बाजार शुद्ध रोखीचा झाला.

प्रत्यक्षात तो तसा राहिला नाही. दलाल स्ट्रीटवर सौदे पुढे ढकलण्याची गरज होती आणि पैसा लावणारेही होते, म्हणून वायदा मागच्या दाराने बदल्याच्या रूपात परतला. १९८३ मध्ये त्याला ठरावीक शेअरांपुरती अधिकृत मान्यता मिळाली. तेजी-मंदी मात्र गेली ती गेलीच. याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेतला नाही. नजराणा लोपला, तसे बाजाराला किती भीती वाटते हे मोजायचे मापही लोपले. भाव दिसत होता, बदल्याचे व्याज दिसत होते. पण येत्या महिन्यात भाव किती हेलकावेल याबद्दल बाजाराचे मत काय, हे सांगणारा एकही आकडा चार दशकांहून जास्त काळ उरला नाही.

२८ एप्रिल १९९२ ला सेन्सेक्स ५७० अंशांनी, जवळजवळ १३ टक्क्यांनी पडला. बँकांच्या पैशांचा घोटाळा उघड झाला होता. ज्याच्याकडे शेअरांचे मोठे गाठोडे होते त्याच्यापुढे दोनच मार्ग होते, पडत्या बाजारात विकणे किंवा डोळे मिटून बसणे. युनिट ट्रस्ट आणि विमा कंपन्या यांच्यासारख्या संस्थांची अडचण जास्त मोठी. त्यांनी विकायला काढले की त्यांच्याच विक्रीने भाव आणखी खाली.

यावरचा तोडगा अमेरिकेत दहा वर्षे आधी निघाला होता. १९८२ मध्ये कॅन्सस सिटी आणि शिकागो येथे निर्देशांकाचे वायदे सुरू झाले. एकेका कंपनीऐवजी सगळा बाजारच विकायचा. भारतात त्यासाठी आधी तसा निर्देशांक हवा होता. ३ नोव्हेंबर १९९५ हा पाया धरून निफ्टी बांधला गेला तेव्हा गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले अजय शहा आणि सुझन थॉमस यांनी एक कसोटी लावली. मोठी ऑर्डर टाकल्यावर ज्या कंपनीचा भाव फार हलत नाही, तीच आत. कारण या निर्देशांकावर पुढे वायदा चालायचा होता.

शेअर बाजाराची नियंत्रक संस्था सेबीने नोव्हेंबर १९९६ मध्ये प्रा. एल. सी. गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल मार्च १९९८ मध्ये आला. सुरुवात निर्देशांकाच्या वायद्यापासून करावी, असे तिने सुचवले. प्रा. जे. आर. वर्मा यांच्या गटाने ऑक्टोबर १९९८ मध्ये मार्जिनचा हिशेब मांडला, आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा बदल तोच आहे, असे म्हणायला हरकत नाही. १ जुलै १८६५ ला जे झाले ते यामुळे टळते. मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभी राहते. विकणाऱ्याची ती खरेदीदार होते आणि घेणाऱ्याची विक्रेती. दोघांकडून आगाऊ मार्जिन घेते आणि रोज संध्याकाळी नफा-नुकसान रोखीने चुकते करते. मार्जिन किती, ते गेल्या काही काळात बाजार किती हलला त्यावर ठरते. कालच्या हालचालीला जास्त वजन, जुन्या हालचालीला कमी. बाजार खवळला की मार्जिन आपोआप चढते. अध्यक्षांच्या किंवा दलालांच्या मर्जीवर काही राहत नाही.

१९९९ च्या अखेरीस कायदा बदलला. १ मार्च २००० ला १९६९ ची बंदी उठली. ९ जून २००० ला बीएसईने सेन्सेक्सचा आणि १२ जूनला एनएसईने निफ्टीचा वायदा सुरू केला.

आता ज्याच्याकडे शेअरांचे गाठोडे आहे त्याला काय करता येत होते, ते पाहू. समजा त्याच्या शेअरांची किंमत १ कोटी रुपये आहे आणि त्यांचा बीटा १.२ आहे, म्हणजे निफ्टी १० टक्के पडला तर हे शेअर सरासरीने १२ टक्के पडतात. निफ्टी १,५०० वर आहे. तेव्हा लॉट २०० चा होता, म्हणजे एका कराराची किंमत ३ लाख. एक कोटीला १.२ ने गुणायचे, एक कोटी वीस लाख; त्याला ३ लाखांनी भागायचे. ४० करार विकायचे. निफ्टी १,३५० वर आला तर शेअरांत १२ लाख गेले. वायद्यात १५० गुणिले २०० गुणिले ४०, म्हणजे १२ लाख आले. एकही शेअर विकावा लागला नाही.

हिशेब कागदावर असा चोख बसतो. बाजारात तो थोडा घसरतो, आणि कुठे घसरतो हे ठाऊक असावे लागते. बीटा हा मागच्या काळावरून काढलेला आकडा आहे. २००० च्या सुरुवातीला ज्यांच्याकडे सॉफ्टवेअरचे आणि दूरसंचारचे शेअर खच्चून भरले होते, त्यांचे शेअर पुढच्या वर्षात निफ्टीच्या कितीतरी पट पडले. मागच्या बीटावर विकलेल्या वायद्याने ती भोके बुजली नसती. निर्देशांकाचा वायदा सगळ्या बाजाराची जोखीम झाकतो. निवडलेली कंपनीच बुडाली, तर ते नुकसान उघडेच राहते.

जुन्या दलालांना एक गोष्ट न शिकवता कळली. वायद्याचा भाव रोखीच्या भावापेक्षा थोडा वर असतो, कारण त्यात महिन्याचे व्याज असते. हा सीधा बदला. आणि सगळ्यांनीच धास्तावून वायदे विकायला काढले की तो रोखीच्याही खाली जातो. हा उंधा बदला. शनिवारची नाडी आता रोज, क्षणाक्षणाला पाहता येऊ लागली.

तरी सुरुवातीला शुकशुकाट होता. २०००-०१ या सबंध आर्थिक वर्षात एनएसईवर निर्देशांक वायद्याची उलाढाल २,३६५ कोटी रुपये झाली. बदला हाताशी असताना नवीन गोष्ट शिकायची कोणाला निकड नव्हती. २००१ च्या मार्चमध्ये पुन्हा घोटाळा फुटला, बदला मोडीत काढायचे ठरले, आणि ४ जूनला निफ्टीचे ऑप्शन व २ जुलैला शेअरांचे ऑप्शन आले. तेजी आणि मंदी परत आल्या, कॉल आणि पुट या नावांनी.

नजराणा परतला, तसे त्याच्यातून भीती वाचणेही परतले. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनचा भाव काढायचे सूत्र दिले होते. त्यात चालू भाव, ठरलेला भाव, मुदत आणि व्याज हे सगळे माहीत असते. माहीत नसते ती फक्त येणारी अस्थिरता. मग बाजारातला भाव सूत्रात घालायचा आणि ती अज्ञात गोष्ट उलटी काढायची. १९९३ मध्ये रॉबर्ट व्हेली यांच्या रचनेवर शिकागोच्या ऑप्शन एक्स्चेंजने व्हिक्स काढला. एनएसईने एप्रिल २००८ मध्ये इंडिया व्हिक्स सुरू केला. चालू आणि पुढच्या महिन्याच्या निफ्टी ऑप्शनचे भाव घेऊन पुढच्या तीस दिवसांची अपेक्षा त्यात वर्षाच्या मापात मांडली जाते.

व्हिक्स २० असेल तर त्याला ३.४६ ने भागायचे; ५.८ आले. म्हणजे बाजाराच्या अंदाजाने, तीनातल्या दोन वेळा निफ्टी महिनाभरात ५.८ टक्क्यांच्या आत राहील, वर किंवा खाली. तिसऱ्या वेळी बाहेर जाईल, आणि कितीही बाहेर जाईल. शिवाय त्या आकड्यात खाणाऱ्याची कमाई मिसळलेली असते. विमा कंपनी जशी होणाऱ्या नुकसानीपेक्षा हप्ता थोडा जास्त घेते, तसा ऑप्शन विकणारा नजराणा थोडा जास्त घेतो. म्हणून प्रत्यक्ष हालचाल सहसा व्हिक्सच्या अंदाजापेक्षा कमी भरते. सहसा. ज्या महिन्यात ती जास्त भरते, त्या महिन्यात खाणाऱ्याची वर्षाची कमाई जाते.

ऑप्शनच्या भावांत आणखी एक खूण असते. बरेच खालचे पुट तितक्याच वरच्या कॉलपेक्षा महाग असतात. अमेरिकेत ही खूण १९ ऑक्टोबर १९८७ नंतर ठळक झाली. त्या दिवशी डाऊ जोन्स एका दिवसात २२ टक्क्यांहून जास्त पडला. पडझडीपासून बचाव म्हणून अनेक मोठ्या संस्था एकाच वेळी यंत्रावर वायदे विकत सुटल्या, आणि त्या विक्रीनेच पडझड वाढली. एकाच दाराने सगळ्यांना बाहेर पडता येत नाही, हे कळल्यापासून लोक खालच्या पुटाला जास्त पैसे मोजायला तयार असतात.

इंडिया व्हिक्स सुरू झाला आणि काही महिन्यांतच त्याची परीक्षा झाली. अमेरिकेतली लेहमन बँक बुडाल्यानंतर, नोव्हेंबर २००८ मध्ये तो ८० च्या वर गेला. पण वायदा आणि पुट यांतला फरक कळतो तो १८ मे २००९ ला. लोकसभेचा निकाल लागला होता. बाजार उघडताच उसळला, सौदे थांबवावे लागले, आणि सेन्सेक्स २,११० अंशांनी, १७ टक्क्यांहून जास्त, चढून बंद झाला. ज्याने शेअरांवर निफ्टीचा वायदा विकून ठेवला होता त्याला या चढाईतून काहीच मिळाले नाही. शेअरांत मिळवले ते वायद्यात भरले. वायदा दोन्ही दारे बंद करतो. ज्याने पुट घेऊन ठेवले होते त्याचा फक्त नजराणा गेला आणि चढ पदरात पडला.

मात्र पुट कधी घ्यायचे यालाही वेळ आहे. २३ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या तोंडावर, सेन्सेक्स ३,९३५ अंशांनी पडला, १३ टक्क्यांनी. त्याच आठवड्यात व्हिक्सने ८० ओलांडले. त्या दिवशी पुट घ्यायला धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. व्हिक्स चौपट झाला की तेवढ्याच संरक्षणाचा नजराणाही साधारण चौपट होतो. खरे संरक्षण घेतले जाते ते व्हिक्स बारा-चौदाला झोपलेला असताना, जेव्हा त्याची गरज कोणालाच वाटत नाही.

टाळेबंदीनंतर या बाजारात नवी माणसे आली, लाखांनी. त्यांच्याकडे झाकायला शेअर नव्हते. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि आठवड्याच्या मुदतीचे ऑप्शन होते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. एक कोटीहून जास्त वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. हा आकडा वाचताना जीव तुटतो.  सेबीने मग कराराची किमान किंमत १५ लाखांवर नेली आणि प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक मुदत ठेवायला सांगितले. शंभर वर्षांपूर्वी उच्च न्यायालयापुढे होता तोच प्रश्न पुन्हा पुढ्यात आला होता. कागद सारखाच, हेतू वेगवेगळे. या वेळी निदान सरसकट बंदी आली नाही, हे चांगले झाले. बंदीने सट्टा बदल्याच्या दाराने परत येतो आणि ज्याला खरोखर छत्री हवी असते तो तेवढा भिजतो.

त्याच वर्षीचा ४ जून. पुन्हा लोकसभेचा निकाल. एप्रिलच्या अखेरीस इंडिया व्हिक्स १० ते १३ च्या घरात होता. मेच्या अखेरीस तो २० च्या वर गेला. निकालाच्या दिवशी तो काही काळ ३० च्याही वर होता आणि निफ्टी १,३७९ अंशांनी, जवळजवळ ६ टक्क्यांनी, पडला. ज्याने एप्रिलमध्येच जूनचे पुट घेतले होते त्याला ते निम्म्या दरात पडले होते. ज्याने ४ जूनच्या दुपारी, पडझड डोळ्यांनी पाहत, पुट घेतले त्याने दिवसातला सर्वांत महाग नजराणा मोजला. ५ जूनला सकाळी बाजार उघडला तेव्हा निकाल काय लागला ते सगळ्यांना कळले होते. निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर आला, व्हिक्स २० च्या खाली उतरला, आणि आदल्या दुपारी घेतलेल्या पुटाचा भाव दोन्ही बाजूंनी वितळून गेला.